वीज कंपनीच्या फाउंडेशनकडून शाळांच्या सौर संचासाठी सीएसआर निधी: अर्जात नेमकं काय चुकतंय?

रानवाट

नमस्कार. आमचा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे, सहा वर्षं झाली. १२ए आणि ८०जी या प्राप्तिकराच्या दोन्ही नोंदण्या आहेत. काम जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये: वाचनपेट्या आणि पाचवी ते सातवीला गणिताचे जादा वर्ग. यातल्या सहा शाळांवर प्रत्येकी ३ किलोवॉटचा सौर संच बसवायचा आहे, कारण ऐन तासाला वीज गेली की डिजिटल वर्गाचा टीव्ही बंद पडतो.

तालुक्यातून एका खासगी वीज कंपनीच्या अतिउच्चदाब वाहिन्या जातात, शेजारच्या तालुक्यात तिचं वीजनिर्मिती केंद्र आहे. तिच्या फाउंडेशनकडे सीएसआर निधीसाठी (कंपनीने सामाजिक कामांवर करायचा खर्च) "सहा शाळांचे सौर विद्युतीकरण" या नावाने अर्ज केला. "धोरणाच्या चौकटीत बसत नाही" असं एका ओळीचं उत्तर आलं. पुन्हा अर्ज करायचा असेल तर काय बदलावं? कागदपत्रं नेमकी कोणती लागतात? आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात अर्ज दिलेला बरा?

ताळेबंद

पहिली अडचण बहुधा शीर्षकातच आहे. सीएसआर नियमांनुसार कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. वीज कंपनीपुढे "विद्युतीकरण" हा शब्द ठेवलात की छाननी करणारा तिथेच थांबतो. खांब, नवीन जोडणी, वीजबिलात सूट या मागण्या म्हणूनच परत येतात. तुमचं मूळ काम शिक्षणाचं आहे, तर अर्जही शिक्षणाचाच हवा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीत, बाब (ii) मध्ये शिक्षण येतं, (iv) मध्ये पर्यावरण. मुख्य आधार (ii) दाखवा, (iv) जोडीला. फाउंडेशनला आपल्या अहवालात प्रत्येक प्रकल्पापुढे अनुसूचीतली बाब लिहावी लागते. तो रकाना तुम्हीच भरून दिलात तर त्यांचं काम सोपं होतं.

याचा दुसरा फायदा असा की बाहेरच्या संस्थेला काम देताना तिला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. सौर संचाचा अनुभव तुमच्याकडे नाही, शिक्षणाचा सहा वर्षांचा आहे. "विद्युतीकरण" म्हटलंत की अनुभव शून्य, "डिजिटल वर्ग सुरळीत चालवणे" म्हटलंत की सहा वर्षं.

आता "स्थानिक क्षेत्र". त्याच कायद्याचं कलम १३५ म्हणतं, कंपनी जिथे काम करते तिथल्या आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. ही सक्ती नाही, पण बहुतेक फाउंडेशन ते कसोशीने पाळतात. वीज कंपनीचं क्षेत्र म्हणजे फक्त तिचे ग्राहक राहतात तो भाग नव्हे. टाटा पॉवरची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रं रायगड जिल्ह्यात आहेत, त्यांना पाणी देणारे वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी हे तलाव पुणे जिल्ह्यात, आणि ती वीज वापरणारी मुंबई तिसरीकडे. हाच धागा तुमच्या तालुक्यासाठी पकडा. एका नकाशावर सहा शाळा, वाहिनीचा मार्ग, जवळचं उपकेंद्र आणि निर्मिती केंद्र दाखवा, प्रत्येक शाळेचं अंतर किलोमीटरमध्ये लिहा. दोन पानी वर्णनापेक्षा तो नकाशा जास्त बोलतो.

सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरलाय का? १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कोणतीही संस्था दुसऱ्या कंपनीचा सीएसआर निधी वापरू शकत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तो भरायचा, विश्वस्ताची डिजिटल स्वाक्षरी आणि प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं डिजिटल प्रमाणन लागतं. मग नुसता आकडा न लिहिता "CSR" या अक्षरांसकट पूर्ण नोंदणी क्रमांक अर्जाच्या पहिल्याच पानावर टाका.

जोडणी

तांत्रिक बाजू लिहितो, कारण वीज कंपनीच्या फाउंडेशनमध्ये प्रस्ताव शेवटी कुणातरी अभियंत्यासमोर जातोच आणि तो पहिली पाच मिनिटं हेच बघतो.

तुम्ही ३ किलोवॉट म्हणता, पण संच ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट ग्रिडला जोडलेला) की हायब्रीड (ग्रिड आणि बॅटरी दोन्ही) ते लिहिलेलं नाही. वीज गेल्यावर टीव्ही चालावा हा तुमचा हेतू असेल तर ऑनग्रिड संच उपयोगाचा नाही. ग्रिडचा पुरवठा गेला की ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तो तसा व्हायलाच हवा, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या माणसाला उलट्या दिशेने शॉक बसेल. म्हणजे बाहेर लख्ख ऊन, छतावर पॅनेल आणि वर्गात अंधार. शाळांच्या प्रस्तावात ही चूक सर्रास असते. तुम्हाला बॅटरीसह हायब्रीड हवा.

आता आकार. दोन-तीन खोल्यांच्या शाळेचा भार मोजून दाखवतो. पंखे ८, प्रत्येकी ७५ वॉट, म्हणजे ६००. एलईडी ट्यूब १२, प्रत्येकी २० वॉट, म्हणजे २४०. टीव्ही १५०, संगणक १५०. एकूण ११४० वॉट. पाच तास सगळं एकदम चाललं तरी ५.७ युनिट. १ किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे २ किलोवॉटवर ८ युनिट मिळतात. ३ किलोवॉटची गरज फक्त बोअरचा पंप त्यावर चालवायचा असेल तरच. सहाही शाळांना सरसकट ३ लिहिलं की मोजणी झालेली नाही हे लगेच कळतं. शाळानिहाय भारतक्ता जोडा.

बॅटरी ४८ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) घेतली तर कागदावर ७.२ युनिट. ट्यूब्युलर लेड-ॲसिड असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ३.६ युनिट, वरच्या भारावर साधारण तीन तास. चार-पाच वर्षांनी ती बदलावी लागते, आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर न घातल्यास त्याआधीच जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण पाणी घालण्याची कटकट नाही. उन्हाळ्याची सुट्टी दीड महिन्याची असते, त्या काळात बॅटरीकडे कुणी बघत नाही, एवढ्या एका कारणासाठी मी शाळेला लिथियमच सुचवेन.

छत स्लॅबचं की पत्र्याचं, तेही लिहा. किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. डीसी, एसी आणि तडितरक्षक यांचं अर्थिंग वेगवेगळं, म्हणजे तीन खड्डे. दरपत्रकात एकच अर्थिंग दिसलं तर पुरवठादाराला परत पाठवा.

रानवाट

दोघांचेही आभार. सीएसआर-१ झालेला आहे. संच ऑनग्रिडच होता, बदलतो.

दोन नवीन प्रश्न. सहापैकी दोन शाळांचं कनेक्शन थकबाकीमुळे पीडी (कायमचं खंडित) झालंय. ती थकबाकी याच निधीतून भरता येईल का? आणि आमच्या समन्वयकाचं मानधन धरायचं तर प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आतच हवा, असं ऐकलंय. सहा शाळांच्या पैशात पाच टक्के म्हणजे प्रवासखर्चही निघत नाही.

गावकूस

थकबाकी अर्जात घालू नका. वीज कंपनीच्या सीएसआरच्या पैशातून वीजबिल भरलं जाणं कुठल्याच लेखापरीक्षकाला पटणार नाही, मग बिल दुसऱ्या कंपनीचं का असेना. पीडी झालेल्या जागेवर आधी जुनी बाकी, मग नवीन कनेक्शन, आणि जिवंत मीटरशिवाय नेट मीटरिंग (जास्तीची सौर वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करणं) नाही. शाळांची बिलं सादिल (शाळेच्या किरकोळ खर्चाचं अनुदान) किंवा संयुक्त शाळा अनुदानातून भागवायची असतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, ग्रामपंचायतीच्या निधीतून काही होतं का तेही विचारा. तोवर चार शाळा पहिल्या टप्प्यात आणि दोन दुसऱ्यात. चार पक्क्या शाळांचा प्रस्ताव सहा डळमळीत शाळांपेक्षा केव्हाही वजनदार.

यापेक्षा मोठा प्रश्न मालकीचा आहे आणि तो अजून कुणी काढलेला नाही. इमारत जिल्हा परिषदेची, पैसा कंपनीचा, खरेदी तुमची. मग संच कुणाचा? जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता तिघांपैकी कुणाच्या तरी नावावर असावी लागते: सीएसआर क्रमांक असलेली कलम ८ (ना-नफा) कंपनी, न्यास किंवा सोसायटी, लाभार्थ्यांचा गट, किंवा सार्वजनिक प्राधिकरण. कंपनीच्या स्वतःच्या नावावर ती राहू शकत नाही. शाळेच्या बाबतीत सरळ मार्ग म्हणजे काम पूर्ण होताच जिल्हा परिषदेकडे हस्तांतर. त्यासाठी अर्जासोबतच शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि छताबद्दल बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांचा दाखला जोडा. ठरावात "संच बसवण्यास हरकत नाही" एवढंच नको. "हस्तांतरानंतर देखभाल समिती करील, पॅनेल दर पंधरा दिवसांनी पुसली जातील, जबाबदारी अमुक शिक्षकाची" असं स्पष्ट हवं. शेवटी पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरीचे अनुक्रमांक शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला (कायम वस्तूंच्या नोंदवहीला) चढवून त्या पानाची प्रत घ्या. समाप्ती अहवालात तीच पान-प्रत सगळ्यात भक्कम पुरावा ठरते. शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) प्रत्येक कागदावर असू द्या, एकाच नावाच्या वाड्या-वस्त्यांच्या शाळांमुळे घोळ होतो.

ताळेबंद

पाच टक्क्यांबद्दलचा समज चुकीचा आहे, आणि दुर्दैवाने काही कंपन्यांचे अधिकारीही तो पसरवतात. नियमातली ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे, आणि ती कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चावर मोजतात. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात "प्रशासकीय खर्च" अशी ढोबळ ओळ लिहू नका. "समन्वयक, १० महिने, आठवड्यातून तीन दिवस, चार शाळा", "शिक्षकांचं देखभाल प्रशिक्षण, प्रत्येक शाळेत दोन सत्रं" असं कामाशी बांधून लिहा. मात्र फाउंडेशनचं अंतर्गत धोरण कायद्यापेक्षा कडक असू शकतं, तेव्हा त्यांचा अर्जनमुना आधी मागून घ्या.

अंदाजपत्रकात जीएसटी धरूनच रक्कम लिहा, तो तुम्हाला परत मिळत नाही. तीन दरपत्रकं, एकाच वर्णनावर आणि एकाच तारखेच्या आसपासची. कंपनीच्या समूहाचा स्वतःचा सौर व्यवसाय असेल तर त्यांच्याकडून खरेदी नको. पाच वर्षांची देखभाल त्याच खरेदी आदेशात घ्या, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी वेगळा निधी मागत फिरावं लागणार नाही.

धर्मादाय कार्यालयातली तुमची बाजू तपासा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसेल किंवा प्रलंबित असेल तर परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातला न्यासाचा नोंदणी-उतारा) जुनीच नावं दिसतात, करारावर सही करणारा माणूस त्या यादीत सापडत नाही आणि कंपनीचा विधी विभाग फाइल बाजूला ठेवतो. शेवटच्या क्षणी अडकणाऱ्या कितीतरी फाइली इथेच अडकतात. निती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नावं आणि बँकेतले सही करणारेही तेच हवेत.

मार्चअखेर

वेळेबद्दल. सीएसआरची वार्षिक कृती योजना कंपनीचं संचालक मंडळ मंजूर करतं, ती साधारण आर्थिक वर्षाच्या तोंडावर ठरते. तिच्यात यायचं तर नोव्हेंबर ते जानेवारीत प्रस्ताव त्यांच्या टेबलावर हवा. वर्षाच्या मध्यात योजनेत बदल करता येतो, पण समितीची शिफारस आणि लेखी कारण लागतं, म्हणून अधिकारी टाळतात.

डिसेंबरनंतर उरलेला पैसा खर्चायची घाई असते, तेव्हा छोटा आणि तयार प्रस्ताव पटकन मंजूर होतो हे खरं. पण त्यात एक धोका आहे. कंपनीने तुमच्या खात्यात रक्कम टाकली म्हणजे ती खर्च झाली असं धरलं जात नाही. तुम्ही ती प्रत्यक्ष वापरली तरच ती कंपनीच्या खर्चात मोजली जाते, आणि तसं प्रमाणपत्र त्यांच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला द्यावं लागतं. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून उपयोगिता प्रमाणपत्रासाठी फोन सुरू होतात. फेब्रुवारीत पैसे घेऊन मार्चमध्ये चार छतांवर संच बसवणं जमणार नसेल तर आधीच सांगा आणि बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजुरी मागा. तसा प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालू शकतो, न वापरलेली रक्कम ३१ मार्चनंतर ३० दिवसांत कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवता येते. हे मंजुरीच्या वेळीच ठरलेलं बरं, एप्रिलमध्ये आठवून उपयोग नाही.

हप्ते करारात कामाशी बांधून घ्या. शेवटचा हप्ता "नेट मीटर बसल्यावर" असा ठेवू नका, ती तारीख तुमच्या हातात नसते. "संच कार्यान्वित होऊन हस्तांतर पत्र मिळाल्यावर" असं लिहा.

करारात "सेवा पुरवठादार" किंवा "कंत्राटदार" हे शब्द आले तर सहीआधी बदलून "अनुदान" आणि "अंमलबजावणी संस्था" करून घ्या, नाहीतर कंपनीचा लेखा विभाग टीडीएस कापून मोकळा होतो. फलकाचंही तसंच. शाळेच्या भिंतीवर कृतज्ञता म्हणून देणगीदाराचं नाव लावलं, त्यात व्यवसायाची जाहिरात नसली, तर त्यावर जीएसटी लागत नाही, असं ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक आहे. तेव्हा फलकावर नाव आणि वर्ष एवढंच ठेवा. कंपनीच्या योजना, दूरध्वनी क्रमांक, घोषवाक्य नको.

रानवाट

चार शाळा, हायब्रीड २ किलोवॉट, शीर्षक शिक्षणाचं, असा नव्याने मांडतो. परिशिष्ट १ चा उतारा आज काढून बघितला, दोन माजी विश्वस्तांची नावं अजून त्यावर आहेत. आधी बदल अर्जाचं बघतो.

ताळेबंद

बदल अर्ज दाखल केल्याची पोच आणि विश्वस्त मंडळाचा सहीचे अधिकार देणारा ठराव, दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. निकाल लागायला वेळ जातो, तोवर काही विधी विभाग या दोन कागदांवर पुढे जायला तयार होतात. तोपर्यंत परिशिष्टावर नाव असलेल्या विश्वस्तानेच अर्जावर सही करावी.