ज्युरासिक पार्कचे पुढचे भाग: पहिल्याची सर कुठे आली, कुठे नाही? (अनुभव धागा)

सायसाखर

२०२५च्या जुलैत 'ज्युरासिक वर्ल्ड: रीबर्थ' लागला आणि आमच्या घरात दोन तट पडले. नवरा म्हणे, १९९३लाच यांनी दुकान बंद करायला हवं होतं. मुलगा म्हणे, बाबांना पडद्यावरचं काही दिसतच नाही, ते आपलं कॉलेज बघत बसतात. भांडण मिटेना, म्हणून इथे आणते आहे.

आतापर्यंत सात सिनेमे झाले: १९९३, १९९७, २००१, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५. पहिले दोन स्पीलबर्गने दिग्दर्शित केले, पुढचे इतरांनी. मला परीक्षण नको, तारे तर अजिबात नकोत. कुठला भाग कुठे, कोणाबरोबर पाहिलात आणि पहिल्या वेळी झालं होतं तसं काही परत झालं का, तेवढं लिहा. रहस्यभेद होणारच. रीबर्थ बघायचा असेल त्यांनी जपून.

माझंच आधी सांगते. पहिला पाहिला तो हिंदीत, १९९४ साली, तालुक्याच्या गावी. तोवर इंग्रजी सिनेमा ही मॉर्निंग शोला मोठ्या पोरांनी लपूनछपून जायची गोष्ट होती. त्यासाठी घरून पैसे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. याला मात्र बाबा स्वतः घेऊन गेले, शेजारच्या दोन मुलांनाही बरोबर घेतलं. 'द लॉस्ट वर्ल्ड' पुढे शहरात, मैत्रिणींबरोबर. त्यात शेवटी टी-रेक्स सॅन डिएगोत शिरतो, कुणाच्या तरी परसातल्या तलावाचं पाणी पितो, आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. पहिल्यातही वकिलाला संडासावरून उचलतो तेव्हा लोक हसले होते, पण ते हसू भीतीने सुटलेलं होतं. इथे भीती नव्हती. मजा आली, नाही म्हणत नाही.

तंबूवाला

आमच्या जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. ज्युरासिक तिथे पोचेपर्यंत शहरात तो जुना झाला होता आणि रीळ इतकं घासलेलं की पडद्यावर सतत पाऊस. टी-रेक्स पहिल्यांदा येतो तो प्रसंगही नेमका पावसातला. कुठला पाऊस सिनेमातला आणि कुठला रिळाचा, कळायला मार्ग नव्हता. ग्लासातल्या पाण्यात वलयं उठतात तेव्हा तंबूच्या मागे जनरेटर धडधडत होता आणि खालची जमीन खरोखर हादरत होती. पुढच्या ओळीतली एक म्हातारी उठून बाहेर जाऊन बसली ती परत आली नाही.

नंतरचे सगळे भाग मल्टिप्लेक्सात, पाय लांब करून पाहिले. चांगले होते. जनरेटरची सर डॉल्बीला नाही.

डब्यातला_आवाज

तंबूवाले, मी अंधेरीत डबिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे तुमचा जनरेटर काळजाला भिडला. ती वलयं काढायला त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून छेडली होती. डरकाळीत हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर मिसळलेत. रॅप्टर एकमेकांना साद घालतात तो आवाज चक्क कासवांच्या मीलनाचा. हे सगळं गॅरी रायडस्ट्रॉम या माणसाचं काम, आणि ध्वनीची दोन्ही ऑस्कर त्या वर्षी याच सिनेमाला गेली.

पण मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. टी-रेक्स कुंपण तोडून येतो त्या अख्ख्या हल्ल्यात संगीत नाही. जॉन विल्यम्स हाताशी असताना त्याला गप्प बसवलंय. पाऊस, ताणलेल्या तारा तटातट तुटणं, आणि तो. बस्स. आमच्याकडे आज असा प्रसंग पाठवला तर दुसऱ्या दिवशी फोन येईल, 'ट्रॅक राहिला का हो?'

पुढच्या भागांत ही हिंमत मला एकदाच पुरेपूर दिसली. लॉस्ट वर्ल्डमध्ये ट्रेलर कड्यावर लोंबकळतो, ज्युलियन मूर खाली मागच्या काचेवर पडते आणि तिच्या तळव्याखाली काच तडकत जाते. डायनासोर चौकटीत नाहीतच. नुसती काचेची करकर. माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझा दंड धरला तो प्रसंग संपेपर्यंत सोडला नाही. मध्यंतरात आम्ही एकमेकांकडे पाहिलंही नाही, लाज वाटली. २०१५ला इतके प्राणी अंगावर आले, कोणी कोणाला धरलं नाही.

चिंगी_०६

सगळे काका-मावशी पार्टी दिसताय इथे. मी २००६ची, माझा पहिला म्हणजे २०१५चा 'ज्युरासिक वर्ल्ड'. आजोबांबरोबर गेले होते. इरफान खान पडद्यावर आल्या आल्या आजोबा म्हणाले, "हा आपला माणूस, म्हणजे हा मरणार." तो उद्यानाचा मालक असतो, स्वतः हेलिकॉप्टर चालवतो, आणि आजोबांचं खरं ठरलं. घरी येईपर्यंत ते त्याच खुशीत होते.

मला काय आवडलं सांगू? उद्यान चालू होतं! गर्दी, आईस्क्रीम, पोरं ट्रायसेराटॉप्सच्या पिल्लावर बसलेली, मोसासॉर अख्खा शार्क गिळतो आणि प्रेक्षकांवर पाणी उडतं. मला तिथे जायचं होतं. पहिला मी नंतर लॅपटॉपवर पाहिला. त्यात उद्यान उघडतच नाही आणि तासभर कोणी कुणाला खात नाही (पहिल्या मिनिटातला तो कामगार सोडून). चांगला आहे, पण तुम्ही म्हणता तसं काही झालं नाही मला.

खडाष्टक

चिंगीला अनुमोदन. आणि १९९३वाल्यांना एक प्रश्न. टी-रेक्स जिथून चालत बाहेर आला, शेळी जिथे बांधली होती, तिथे दहा मिनिटांत एवढा खोल कडा कुठून उगवला? शेवटी दिवाणखान्यासारख्या त्या दालनात तो भलामोठा प्राणी पायाचा आवाज न करता आला कसा? ज्याच्या पावलांनी ग्लास हलत होते तोच ना हा? पुढच्या भागांना मात्र तुम्ही तर्काच्या परीक्षेला बसवता. मी पाहिलाय तो पहिलाही आणि मला आवडतोही, पण देव्हाऱ्यात नका ठेवू.

डब्यातला_आवाज

कडा मान्य. पण थिएटरात कोणाच्या लक्षात आला होता?

अर्धातिकीट

तिसरा भाग. विमानात रॅप्टर वळून म्हणतो, "अ‍ॅलन!" संपूर्ण थिएटर फुटलं. उरलेला सिनेमा लोक एकमेकांना अ‍ॅलन म्हणत होते.
(स्पायनोसॉरस टी-रेक्सची मान मोडतो ते माझ्या धाकट्या भावाने अजून माफ केलेलं नाही. तो आता बँकेत आहे.)

बेसाल्ट

मी विदर्भात भूगर्भशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. हिंदी ज्युरासिक येण्याआधी आमच्या विषयाला मुलं यायची ती दुसरीकडे जागा न मिळाल्यामुळे. त्यानंतर पहिल्याच तासाला हात वर व्हायला लागले, "सर, आपल्याकडे होते का?"

होते ना. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा आणि डोंगरगाव आहे. डोंगरगावच्या टेकडीवर सापडलेल्या हाडांवरून लांब मानेच्या, शाकाहारी डायनासोरची एक जात ठरली, तिचं नाव आज इसिसॉरस. हे थर लॅमेटा नावाच्या खडकांचे, दख्खनच्या लाव्ह्याखाली दबलेले. पिसदुऱ्याच्या शेतांत जीवाश्म झालेली विष्ठा मिळते. सिनेमात लॉरा डर्न आजारी ट्रायसेराटॉप्सजवळच्या शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते, आठवतं? आमच्या मुलींनी तेच केलं, फक्त साडेसहा कोटी वर्षं वाळलेल्यात. एकीने तर घरी दाखवायला फोटो काढून घेतला, आईने तो फ्रेम करू दिला नाही.

पुढच्या भागांवर माझा राग इथेच आहे. पहिला सिनेमा त्याच्या काळच्या विज्ञानाच्या बराचसा बरोबर चालत होता. हे प्राणी पक्ष्यांचे भाऊबंद, चपळ, कळपाने फिरणारे, हे त्याने घराघरात पोचवलं. रॅप्टर फुगवून दाखवले खरे, मूळचा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा. डायलोफोसॉरसची झालर आणि विषारी थुंकी तर निव्वळ कल्पना. चालायचंच. पण मंगोलियातल्या व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या खुणा असल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. २०१५ला हे शाळकरी पोरांना ठाऊक होतं, तरी पडद्यावरची कातडी गुळगुळीतच. त्यावर डॉ. वूच्या, म्हणजे सिनेमात हे डायनासोर बनवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, तोंडी घातलंय की आमचे प्राणी नैसर्गिक कधीच नव्हते, गिऱ्हाइकाला हवे तसे बनवले. वकिली म्हणून उत्तम उत्तर! २०२२च्या 'डॉमिनियन'मध्ये पिसांचा पायरोरॅप्टर आला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. पण तोवर कथा टोळधाडीच्या मागे लागली होती. डायनासोर बघायला गेलेल्या माणसाला टोळ दाखवतात.

चिंगी_०६

बेसाल्ट सर, टोळांवर आमचं एकमत.

पुस्तककिडा

मी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मायकेल क्रायटनची १९९०ची कादंबरी घेतली ती पहिला सिनेमा पाहून झाल्यावर. वाचताना सारखं वाटायचं, अरे हे तर सिनेमात नव्हतं. मग पुढचे भाग येत गेले आणि एकेक करून ते सगळं पडद्यावर यायला लागलं.

किनाऱ्यावर लहान मुलीला चिमुकले डायनासोर चावतात, तो लॉस्ट वर्ल्डचा आरंभ. पहिल्या कादंबरीतला. धबधब्यामागे लपलेल्यांपर्यंत टी-रेक्सची जीभ पोचते, तेही तिथलंच. उडणाऱ्या सरड्यांचा प्रचंड पिंजरा, तो २००१ला वापरला. आणि झोपलेल्या टी-रेक्सपासून तराफ्यावर बसून नदीतून निसटणं, ते २०२५च्या रीबर्थमध्ये, पटकथाकार तोच डेव्हिड केप, पहिल्याचा. पस्तीस वर्षं पडून होता तो प्रसंग.

रीबर्थला मी एकटा गेलो होतो, दुपारच्या खेळाला, थिएटर अर्धं रिकामं. त्या तराफ्याच्या प्रसंगात मी श्वास धरून बसलो. मुलगी तराफा फुगवते, तो उभा राहून मागच्या टी-रेक्सला झाकतो, आणि आडवा होतो तेव्हा मागे टी-रेक्स नाहीच. १९९३मध्ये शेळी गायब होते ना, अगदी त्याच जातीची ही चोरी. मग शेवटी तो सहा पायांचा विकृत प्राणी आला आणि मी घड्याळ पाहिलं.

म्हणजे माझ्यापुरतं असं आहे: पुढच्या भागांत मला जे जे आवडलं ते आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा कुस्करा होतं. कुस्करा मला ताज्या पोळीहून आवडतो, पण रोज नवं पीठ मळतोय असा आव नको. स्वतः क्रायटनने तरी काय केलं? पहिल्या पुस्तकात इयन माल्कमला मारून टाकलं आणि सिनेमात जेफ गोल्डब्लम लोकांना आवडला म्हणून १९९५च्या दुसऱ्या पुस्तकात तो जिवंत परत. आपल्या मालिकावाल्यांना उगाच नावं ठेवतो आपण.

एडिसनची_मावशी

न्यू जर्सीहून. २०१८चा 'फॉलन किंगडम' मी लेकाबरोबर पाहिला, तो तेव्हा आठ वर्षांचा. बेटावर ज्वालामुखी फुटलाय, जहाज सुटलंय, आणि धक्क्यावर एक ब्रॅकिओसॉरस मागे राहतो. धुराने वेढला जातो, मागचे पाय टेकून उभा राहतो आणि नुसती सावली उरते. मी हमसून रडले. लेक पॉपकॉर्न खात होता. "आई, तो खोटा आहे."

कारण ग्रँट आणि एलीला, आणि म्हणून आपल्याला, सर्वांत पहिला नीट दिसलेला डायनासोर हाच होता. सॅम नील गाडीत उभा राहून लॉरा डर्नचं डोकं हाताने वळवतो, तो क्षण. मी तो दादरला राहणाऱ्या मामाबरोबर पाहिला होता, आणि मामा आता नाही. लेकाकडे यातलं काहीच नव्हतं. तो प्रसंग चांगलाच आहे, दिग्दर्शक बायोनाने मनापासून केलाय, पण माझं रडू १९९३च्या खात्यातून काढलेलं होतं.

त्याच रात्री त्याला पहिला दाखवला. ब्रॅकिओसॉरसला काही बोलला नाही. स्वयंपाकघरात रॅप्टर दाराचा मुठा फिरवून आत येतात तेव्हा माझ्या मांडीवर येऊन बसला.

सायसाखर

मावशी, तो स्वयंपाकघराचा प्रसंग आमच्याकडेही चालला! मुलाला वय वगैरे काही आड येत नाही त्यात. खडाष्टक, तुमच्या कड्याचा विषय आज जेवताना काढला, नवरा घास तोंडात धरून गप्प झाला. आता तो नकाशा काढून बसलाय.

तंबूवाला

एक राहिलं. २०१३ला पहिला थ्रीडीमध्ये परत लागला होता, मी पुतण्यांना घेऊन गेलो. मला वाटलं पोरं हसतील. दोन तासांच्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पंधराएक मिनिटं, आणि त्यातही संगणकाचे थोडे. बरेचसे स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी रबर आणि लोखंडातून केलेले. तो मोठा टी-रेक्स पावसाचं पाणी पिऊन इतका जड व्हायचा की थरथरायला लागायचा, मग लोक त्याला पुसत बसायचे. पोरांना हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी धाकट्याने चष्मा काढून ठेवला आणि कानांवर हात ठेवले. डोळ्यांवर नाही, कानांवर.

डब्यातला_आवाज

पुतण्याला आमच्याकडे पाठवा, नोकरी देतो.

मोदकप्रेमी

रोज वाचतोय, आज लिहितो. मुलगी सहा वर्षांची, डायनासोरांची नावं माझ्याहून जास्त येतात. कुठल्या भागाने सुरुवात करू?

चिंगी_०६

२०१५! पिल्लांवर बसायचा भाग बघून खूश होईल. शेवटची मारामारी पुढे ढकला.

पुस्तककिडा

पहिला. पण दिवसा.

बेसाल्ट

सिनेमा कुठलाही दाखवा, सुट्टीत नागपूर-चंद्रपूरकडे येणं झालं तर तिला पिसदुऱ्याला घेऊन या. पावसाळा संपला, पिकं निघाली की रान मोकळं असतं. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका आणि काही उचलून खिशात घालू नका, जागेवरच बघा. आणखी वेळ असेल तर गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला वनखात्याचं जीवाश्म उद्यान आहे. ते दूर आहे, एका दिवसात दोन्ही होणार नाही. टोपी आणि पाणी आणा, वाटेत सावली नाही.