आठवड्यातले सहा दिवस चर्चला कुलूप. ऊसतोडीच्या पोरांसाठी उघडावं का?

नेवाशाचा पंच
सर्वांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान, नेवासा तालुक्यातल्या एका गावातली. घरं चाळीस. रविवारी नऊला घंटा, अकराला उपासना सुटली की कुलूप. कापणीच्या सणाला लिलावात कोंबड्या-बाजरी घ्यायला जरा गर्दी, नाताळला गावची पोरं तारा बघायला येतात. एरवी गावाचा आणि आमचा संबंध नाही.

यंदा थोडे पैसे शिल्लक आहेत. चर्चचे निम्मे पंच म्हणतात नवीन साउंड घ्या. माझ्या डोक्यात वेगळंच आहे. दिवाळीनंतर चर्चच्या मागं बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आईबाप अंधारात कोयता घेऊन फडात जातात आणि सात-आठ वर्षांची एक पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर आमच्या पायरीवर बसलेली असते. आत पंखे, सतरंज्या, नळ, सगळं आहे. हॉल द्यावा म्हणतो, नुसता, गीत-प्रार्थना काही नाही. पण एक जुने पंच म्हणाले, "उद्या धर्मांतराची बोंब झाली तर निस्तरणार कोण?" त्यांचंही खोटं नाही. कोणी असं केलंय का?

रिटायर मास्तर
मी ख्रिस्ती नाही, पण श्रीरामपूरकडे साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोडीच्या पोरांच्या शाळेवर, दोन हंगाम काढलेत. आधी जिल्हा परिषद शाळेच्या हेडमास्तरांना भेटा. गाव सोडताना पोरांना शिक्षण हमी कार्ड मिळायला हवं, ते दाखवलं की इथल्या शाळेत बसवून घेतात. बऱ्याच जणांकडे नसतं, असलं तरी पत्र्याच्या पेटीत तळाला. पण तुमची ती पोरगी कार्ड असूनही शाळेत जाणार नाही, धाकट्याला कोण बघणार? म्हणून तुम्ही शिकवण्याच्या फंदात पडू नका, लहानगी सांभाळा. मुकादमाला विचारल्याशिवाय काही करू नका. सरपंचांना पहिल्या दिवशी बोलवा. ते नारळ फोडतो म्हणतील, फोडू द्या.

केडगावजवळची मावशी
दादा, साउंड नको, दोन मोठी पातेली घ्या. आमच्या महिला मंडळानं एक वर्ष खिचडी केली, पण आमच्या सोयीनं, बाराला. पोरांची आई भाकरी टाकून पहाटेच गेलेली, त्यांना भूक नऊलाच लागायची. महिनाभर कळलंच नाही आम्हाला, कारण विचारलंच नव्हतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्या इथं केडगावात वाढल्या. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गावाजवळ राहून आम्ही घड्याळ बघत बसलो.

तरुण संघ, नगर
पंचसाहेब, राग मानू नका. गीत नाही, प्रार्थना नाही, मग मंडळीनं हे का करायचं? ते काम कुठलीही संस्था करेल. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग-कीर्तनातून प्रभू सांगितला, लपवला नाही.

नेवाशाचा पंच
भाऊ, टिळकांच्या कीर्तनाला माणसं स्वतःच्या पायानं यायची, पटलं नाही तर उठून जायची. ही पोरं भुकेली म्हणून येणार. ताट समोर ठेवून "आधी हात जोडा" म्हणणं मला जमणार नाही. नाताळच्या उपासनेला त्यांचे आईबाप आले तर पहिल्या सतरंजीवर बसवू, ते वेगळं. आणि कुठलीही संस्था करेल म्हणता, पण पायरी आमची आहे ना.

मास्तर, काल मुकादमाला भेटलो. चौदा पोरं, त्यातली पाच अजून रांगणारी. सरपंच येतो म्हणाले, नारळासकट. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, किल्ली दिली. मावशी, खिचडी नऊला. जुने पंच अजून गप्प आहेत, पण त्यांच्या सुनेनं दोन गोधड्या पाठवल्या.

अडलंय एकाच ठिकाणी. रविवारी नऊ ते अकरा उपासना, आणि फडाला रविवार नसतो. तेवढा वेळ पोरं कुठं ठेवायची?