ज्यू-अरब सहजीवनाच्या छोट्या प्रयत्नांना आज काही अर्थ आहे का?

वाटसरू
गाझाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात आणि शिवीगाळ सुरू होते. तिथेच राहून, ज्यू आणि अरब मिळून काम करणाऱ्या माणसांचं नावही कुणी घेत नाही. घेतलंच तर 'भाबडे' म्हणून निकालात काढतात. मला हे अजिबात पटत नाही.

इस्रायलमध्ये ज्यू आणि अरब मुलं बहुतेक वेगवेगळ्या शाळांत शिकतात. 'हँड इन हँड' संस्थेने १९९८ पासून दोन्ही समाजांच्या मुलांसाठी एकत्र शाळा सुरू केल्या. वर्गात दोन शिक्षक, एक हिब्रू बोलणारा, एक अरबी. १९४८ साल शिकवताना ज्यूंचं स्वातंत्र्य आणि पॅलेस्टिनींचा नकबा (त्या वर्षी लाखो पॅलेस्टिनी घरादाराला मुकले ती आपत्ती), दोन्ही एकाच वर्गात मांडायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'लेहावा' या कडव्या ज्यू संघटनेच्या तरुणांनी जेरुसलेमच्या शाळेत पहिलीचा वर्ग पेटवला. भिंतीवर 'अरबांना मरण' लिहिलं. तरी शाळा बंद पडली नाही. ज्याचा काहीच परिणाम होत नाही, ते जाळायला कोण कशाला जाईल?

रोखठोक
वाटसरू, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण व्हिव्हियन सिल्व्हर आठवा. 'विमेन वेज पीस' या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. गाझातल्या आजारी माणसांना सीमेवरून इस्रायली दवाखान्यांत पोचवायची. वय ७४. ४ ऑक्टोबर २०२३ ला याच संघटनेच्या बायकांनी पॅलेस्टिनी बायकांसोबत शांतता मेळावा घेतला, आणि तीन दिवसांनी हमासने तिला गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमधल्या (सामूहिक वस्तीतल्या) तिच्या घरात मारलं. मारणाऱ्यांनी ती कोण, काय करते, हे विचारलं नाही. सद्भावनेने बंदूक थांबत नाही. आधी सुरक्षा, मग शाळा आणि मेळावे. आणि सहा-सात शाळा म्हणजे दर्यात खसखस.

नवगाव
आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे बरेच नातेवाईक इस्रायलमधल्या लोद शहरात आहेत, तेव्हा थोडं बोलते. लोदमध्ये ज्यू आणि अरब एकाच इमारतीत वर-खाली राहतात. घरात अजून मराठी बोलणारी आमची म्हातारी माणसंही त्यातच. मे २०२१ मध्ये तिथे दंगल पेटली. एक अरब तरुण गोळीने गेला. सिनेगॉग जळाले, गाड्या जळाल्या. एका ज्यू माणसाच्या डोक्यात दगड बसला आणि तो काही दिवसांनी वारला. त्याच्या घरच्यांनी अवयवदान केलं, त्याचं मूत्रपिंड जेरुसलेमच्या एका अरब बाईला बसवलं.

रोखठोक दादा, तुम्ही म्हणता आधी सुरक्षा. त्या रात्री पोलीस वेळेवर आले नाहीत, ही तक्रार दोन्ही मजल्यांवरची होती. आमच्या मावशीला तर खालच्या मजल्यावरच्या अरब कुटुंबानेच फोन करून सांगितलं, 'दार उघडू नका, आम्ही जिन्यात आहोत.' तिच्यासाठी सुरक्षा म्हणजे तेच.

काळी माती
नवगाव ताई, तुमच्या मावशी सुखरूप राहिल्या याचा आनंद आहे. पण माझा आक्षेप उलट बाजूने आहे. हा दोन शेजाऱ्यांमधला गैरसमज नाही, की एकत्र बसून चहा प्यायला की मिटेल. इस्रायलच्या अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. २०१८ च्या कायद्याने स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा ठरवला, अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढला. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत तर पॅलेस्टिनी माणसावर लष्करी न्यायालयात खटला चालतो आणि शेजारच्या वसाहतीतल्या इस्रायलीवर नागरी कायद्याने. हे तसंच ठेवून मैत्रीचे कार्यक्रम केले तर जगाला गोड चित्र दिसतं, ताबा मात्र चालूच राहतो. म्हणूनच पॅलेस्टिनी बहिष्कार चळवळीने जानेवारी २०२४ मध्ये 'स्टँडिंग टुगेदर' या ज्यू-अरब चळवळीवरही बहिष्कार टाकायला सांगितलं. आधी हक्क, मग सहजीवन.

वाटसरू
काळी माती, तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि नुसत्या चहापानाला माझाही विरोधच आहे. पण तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजताय.

डेव्हिड शुलमन घ्या. संस्कृत, तमिळ, तेलुगूचे मोठे अभ्यासक. 'तायुश' या ज्यू-अरब गटाबरोबर हे प्राध्यापक वर्षानुवर्षं वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या दक्षिणेच्या डोंगरांत जातात. वसाहतवाले मेंढपाळांना कुरणातून हाकलायला आले की हे मध्ये उभे राहतात, कॅमेरा चालू ठेवतात, सैनिकांशी कायद्यावरून हुज्जत घालतात. २०१६ चा इस्रायल पुरस्कार मिळाला तेव्हा त्याची रक्कम त्यांनी तायुशला दिली.

किंवा पॅलेस्टिनी बस्साम अरामिन. तरुणपणी सात वर्षं इस्रायली तुरुंगात. २००७ मध्ये त्यांची दहा वर्षांची अबीर शाळेबाहेर सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने गेली. कुणावरही फौजदारी खटला झाला नाही. बाप दिवाणी न्यायालयात लढला आणि सरकार जबाबदार आहे हे वदवून घेतलं. त्या काळात माजी इस्रायली सैनिक त्याच्या पाठीशी उभे होते. पोरीच्या शाळेत तिच्या नावाने खेळाचं मैदान त्यांनीच मिळून उभं केलं. इथे हक्काची लढाई आणि सोबत वेगळी कशी करणार?

आणि ज्या 'स्टँडिंग टुगेदर'वर बहिष्कार आहे, त्याचेच कार्यकर्ते मे २०२४ मध्ये वेस्ट बँकेच्या हद्दीवरच्या तारकुमिया नाक्यावर गाझाला जाणाऱ्या मदतीच्या ट्रकांभोवती पहाऱ्याला उभे राहिले, कारण कडवे इस्रायली पिठाची पोती फाडून रस्त्यावर ओतत होते.

रोखठोक
तारकुमियाचं मान्य. अन्नाची नासाडी करणाऱ्यांना अडवलंच पाहिजे. पण निवडणुकीत या लोकांची ताकद किती, हा प्रश्न राहतोच. सरकार तर शाळा-मेळाव्यांनी बदललेलं नाही.

काळी माती
शुलमन आणि अरामिन यांच्यापुढे माझी मान आदराने खाली आहे, त्यांच्यावर माझा आक्षेप नव्हताच. शाळेबद्दल मात्र एक विचारते. त्याच वर्गातून बारावी झालेल्या ज्यू मुलाला अठराव्या वर्षी लष्करात सक्तीने बोलावलं जातं. त्याच्या बाकावरच्या अरब मैत्रिणीचे मामा वेस्ट बँकेत असतील, तर उद्या हाच मुलगा नाक्यावर त्यांचे कागद तपासायला उभा असेल. बारा वर्षं दोन्ही भाषा शिकवणारी शाळा त्या मुलाला 'जा' म्हणते, की 'नको जाऊ'?