मदत हवी आहे: दिवसा मुद्रितशोधन, रात्री गेमिंग, मॉनिटर एकच. कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमच्या १९ इंची मॉनिटरवर दिवाळीपासून एक हिरवी उभी रेघ होती. तिची सवय झाली होती. आता तिला शेजारीण आलीये, त्यामुळे नवा घेणं आलं. बजेट २२ हजार, फारच ताणलं तर २४.

सकाळी नऊ ते पाच बायको त्यावर मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते. जेवणं उरकली की खुर्ची माझी: व्हॅलोरंट रोज, सायबरपंक शनिवार-रविवार. पीसीत रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे.

दुकानात तीन पाहिले (१०८०पी, १४४०पी म्हणजे पडद्याच्या उंचीत किती पिक्सेल; आयपीएस, व्हीए हे पॅनेलचे प्रकार; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं):
अ) २४ इंची, १०८०पी, आयपीएस, १८० हर्ट्झ. साडेअकरा हजार.
ब) २७ इंची, १०८०पी, व्हीए, कर्व्ह्ड, १६५ हर्ट्झ. चौदा हजार.
क) २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १८० हर्ट्झ. साडेएकवीस हजार.

दुकानदार 'ब' गळ्यात मारायला बघत होता. मोठा आहे, वाकडा आहे, गेमिंगला हाच नेतात म्हणे. मलाही भुरळ पडली होती. पण बायकोने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि तिची चालू प्रुफाची पीडीएफ लावायला सांगितली. १०० टक्क्यांवर 'शुद्ध' आहे की 'शुध्द', हे तिला पुढे वाकून बघावं लागलं. 'घ' आणि 'ध'चंही तेच. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'ब' तिथेच बाद झाला असं मी धरून चाललोय, चुकत असेन तर सांगा.

आता प्रश्न 'अ' की 'क' एवढाच. १४४०पी ३०६० ला झेपेल का? आणि दुप्पट पैसे घालण्याइतका अक्षरांत फरक पडतो का? 'क' वर पीडीएफ लावून बघायची राहिली, तेवढ्यात दुकानात गर्दी झाली.

प्रतिसाद १
वहिनींची परीक्षा कुठल्याही यूट्यूब रिव्ह्यूपेक्षा भारी आहे. कारण साधं आहे. २७ इंचांवर १०८०पी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. २४ इंचांवर ते ९२ होतात आणि २७ इंची १४४०पीवर १०९. देवनागरीत एका अक्षराच्या पोटात दुसरं बसलेलं असतं, वर रफार, खाली उकार. इंग्रजी वाचणाऱ्याला जे चालून जातं ते आपल्याला चालत नाही. शिवाय स्वस्त व्हीएवर काळ्या भागातले पिक्सेल रंग बदलायला वेळ घेतात. गेममधल्या अंधाऱ्या गल्लीत मागे शेपूट दिसतं.

३०६० चं म्हणाल तर व्हॅलोरंट १४४०पीलाही पळेल. सायबरपंकला मात्र डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करायची सोय) लावा, सेटिंग्ज थोडी उतरवा आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा हुबेहूब हिशेब, कार्डाला फार जड) विसरा. पिक्सेल पावणेदोन पटींहून किंचित जास्त होतात, त्याची किंमत कुठेतरी मोजावी लागणारच. माझं मत 'क'.

प्रतिसाद २
मी उलट सांगतो. नुसतं व्हॅलोरंट असतं तर 'अ' घेऊन उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची घ्या म्हटलं असतं. आठ तास बसणार कोण आहे? पण इथे प्रुफं आहेत, त्यामुळे नाइलाजाने 'क'.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुनी एचडीएमआय केबल लावू नका, डिस्प्लेपोर्टच वापरा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (तेच ते हर्ट्झ) हाताने वाढवा. माझ्या मेहुण्याने १४४ हर्ट्झचा घेतला आणि आठ महिने ६० वर चालवला. वर आम्हालाच सांगायचा, 'बघा किती स्मूद आहे!'

खोक्यावरच्या 'एचडीआर ४००' (जास्त उजेड-अंधार दाखवण्याचा दावा) साठी एक रुपयाही जास्त देऊ नका. '१ एमएस' (पिक्सेल बदलायला लागणारा वेळ) खाली बारीक अक्षरात एमपीआरटी (हलतं चित्र डोळ्यांना किती वेळ दिसतं त्याचं माप) लिहिलंय का तेही बघा. तो आकडा बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो आणि तो मोड चालू केला की पडदा मंद होतो. डेड पिक्सेल किती असले तर बदलून देणार, हे बिल करायच्या आधी विचारा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. आज पुन्हा जाऊन आलो. 'क' वर तीच पीडीएफ, तेच पान. खुर्चीला पाठ टेकून तिने 'शुध्द' पकडला, आणि त्याच ओळीत एक निसटलेला अनुस्वारही. दुपारी दुकानात तिला त्या अनुस्वाराचा जेवढा आनंद झाला तेवढा मला १८० हर्ट्झचाही झाला नाही. एकवीस हजारांत दिला, केबल खोक्यातच आहे.

आता नवीन पंचाईत. टेबल ५५ सेंटीमीटर खोल, त्यात स्टँडच वीसेक खातो आणि कीबोर्ड कडेला लोंबकळतो. मागे १०० बाय १०० मिमीची व्हेसा भोकं (आर्म जोडायची ठरीव मापाची) आहेत, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने पकडून मॉनिटर अधांतरी धरणारा आर्म बसेल. पण टेबलाची फळी १८ मिमी पार्टिकल बोर्डची आहे. क्लॅम्पने ती पिचेल का? कुणी लावलाय?