दादाच्या ब्रेन ट्यूमरचा सीएमव्ही विषाणूशी संबंध असेल का?

दादाला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतला आक्रमक कॅन्सर) आहे. ऑपरेशन झालं, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (केमोचं औषध) चालू आहे. कुणीतरी सुचवलं म्हणून सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरस) रक्ताची टेस्ट केली, तर आयजीजी अँटिबॉडी पॉझिटिव्ह. तेव्हापासून वहिनीने त्याचं ताट वेगळं केलंय, माझ्या लेकीलाही जवळ जाऊ देत नाही. विषाणूमुळे गाठ होते का? दुसऱ्याला लागते का?

उत्तर (स्लाइडवाला): ताई, गाठ कुणाकडून कुणाला लागत नाही, वहिनींना आधी हे सांगा. सीएमव्ही लाळेतून पसरतो हे खरं, पण निरोगी पोरांना त्याने सहसा काही होत नाही. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात शिरला आणि तिथेच झोपून राहिला. निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचा रिपोर्ट असाच येतो, माझाही आलाय.

संशयाला आधार मात्र आहे. 2002 साली चार्ल्स कॉब्स यांच्या गटाला ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो त्या मेंदूच्या गाठींच्या) पेशींत सीएमव्हीची प्रथिनं दिसली. पुढे काही लॅबना ती सापडली, काहींना विषाणूच्या डीएनएचा मागमूसही लागला नाही. मी पॅथॉलॉजीत रोज स्लाइडी रंगवतो. हवं ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, पण ते प्रथिन शोधायला घातलेली अँटिबॉडी जरा जास्त झाली की मेलेल्या पेशीही तपकिरी होतात, आणि ग्लायोब्लास्टोमात मेलेल्या पेशींना काय तोटा! त्यामुळे नुसत्या रंगावर मी जात नाही. शिवाय विषाणू खरंच असला, तरी त्याने गाठ केली की गाठ झाल्यावर तो जागा झाला?

एड्समध्ये मेंदूत होणाऱ्या लिम्फोमात (लसीका पेशींच्या कॅन्सरमध्ये) एपस्टाइन-बार नावाचा दुसरा विषाणू जवळपास दरवेळी सापडतो. तिथे नातं पक्कं आहे. पण तो आजारच वेगळा.

दुसरा सदस्य: स्वीडनमध्ये व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरने (सीएमव्हीवरच्या औषधाने) ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना फायदा झाला होता ना?

स्लाइडवाला: 42 रुग्णांची चाचणी होती. सहा महिन्यांनी गाठीच्या आकारात ठोस फरक नव्हता. 2013 मध्ये जगण्याचे आकडे छान आले, पण सहा महिने औषध घ्यायला जो टिकला, तो आधीच बऱ्या गटातला. त्यात हे औषध पांढऱ्या पेशी पाडतं आणि टेमोझोलोमाइडही तेच करतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही नको.

प्रश्नकर्ती: वहिनीला वाचून दाखवलं. मग लेकीला पाठवू ना?

स्लाइडवाला: खुशाल पाठवा. फक्त तिला सर्दी-ताप असेल त्या दिवशी नको. जपायचं दादाला आहे.