वॉकिंग फूट मशीनवर चामडं शिवतोय, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी निपाणीचा. सीटकव्हरसाठी घेतलेल्या जुन्या वॉकिंग फूट मशीनवर (वरचा पायही मालाबरोबर पुढं सरकतो अशी शिलाई मशीन) आता चामड्याच्या पिशव्या शिवतोय. चामडं अथणीकडचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. कडक असतं, पण त्याचा रंग बघितला की दुसरं घ्यावंसं वाटत नाही.

एकदम वेग घेणारी क्लच मोटर काढून वेग कमी-जास्त करता येणारी सर्वो मोटर बसवली, पुली लहान केली. आता एकेक टाका सावकाश पडतो, हा बदल तर प्रत्येकानं करावा. सुई १३५x१६ प्रकारची (चामड्यासाठीची, धारदार टोकाची), २२ नंबर, दोरा जाड नायलॉनचा.

अडचण पट्टा जोडतो तिथं येते. चार पदर, साधारण ६ मिमी. सुई वर येताना चामडंही तिच्याबरोबर उचलतं आणि टाका सुटतो. चामडं दाबून धरणाऱ्या बाहेरच्या पायाचा दाब वाढवला तर त्याचे दात उमटतात, आणि या चामड्यावरचा वण काही केल्या जात नाही.

पायाचे दात कुणी घासून काढलेत का, की गुळगुळीत पाय वेगळा घ्यावा? जाड सुईसाठी हुक (खालून दोरा पकडणारा) आणि सुईमधलं अंतर किती ठेवता? बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात हे काम जाणणारा मिस्त्री असेल तर जरूर सांगा. मशीन टेम्पोत घालून घेऊन येतो.