जानेवारीअखेर आई-बाबांसोबत एहिमे: मिकानच्या बागा, समुद्र आणि आईचं शाकाहारी जेवण

ओसाकावासी_मीनल

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आई-बाबा माझ्याकडे ओसाकाला येतायत. क्योतो-नारा त्यांचं मागच्या खेपेला झालं. बाबांची आयुष्यभर फळबाग होती, त्यामुळे या वेळी त्यांना मिकानच्या, म्हणजे जपानी संत्र्यांच्या बागा बघायच्यात, आणि समुद्रही हवाय. मी शिकोकू बेटावरचा एहिमे प्रांत काढलाय. हाताशी तीन-चार दिवस आहेत. मला गाडी चालवता येत नाही.

प्रश्न असे: जानेवारीअखेर फळांचा हंगाम संपलेला असतो का? आईचे गुडघे दुखतात, तिला डोंगर न चढता बागा दिसतील का? बाबा मासे आवडीने खातात, आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. तिथे तिची उपासमार होईल का?

मात्सुयामाकर

मीनलताई, नक्की या. मी बरीच वर्षं एहिमेच्या मुख्य शहरात, मात्सुयामात राहतोय आणि माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: सगळे दिवस मात्सुयामात घालवू नका. दोगोचं गरम पाणी आणि किल्ला छानच आहेत, पण बाबांना जे बघायचंय ते दक्षिणेला, उवा समुद्राच्या काठी आहे.

आधी हंगाम. साधं मिकान, म्हणजे उन्शू, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडतात. जानेवारीअखेर ती झाडं रिकामी असतील. इयोकान हे संत्र्याच्याच जातीचं फळही बहुतेक उतरवून झालेलं असतं, पण ते लगेच विकत नाहीत. आंबटपणा कमी व्हावा म्हणून काही आठवडे कोठारात ठेवतात आणि मग जानेवारी ते मार्च बाजारात आणतात. त्यामुळे झाडं मोकळी आणि दुकानं भरलेली, असा तो काळ. इयोकान भरपूर, कानपेइ नावाचा वाण नुकता यायला लागलेला, आणि नशीब असेल तर सेतोका या वाणाचं पहिलं फळ. सेतोकाची साल इतकी पातळ असते की सोलण्यापेक्षा कापून खाल्लेलं बरं. झाडावर फळ बघायचंच असेल तर उशिरा पिकणारे वाण शोधा. सादामिसाकी द्वीपकल्पावर कियोमीच्या फळांना थंडी आणि पक्ष्यांपासून वाचवायला एकेक पिशवी घालतात. अगदी दक्षिणेला आइनानमध्ये कावाची-बानकान उन्हाळ्यापर्यंत झाडावरच राहतं.

आता यावाताहामा. मात्सुयामाहून ‘उवाकाइ’ एक्सप्रेसने पाऊण-एक तास. हे बंदराचं गाव. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, सपाट जमीन जवळजवळ नाही. म्हणून लोकांनी उतारावर दगडी बांध रचून पायऱ्यापायऱ्यांची शेती केली. इथले शेतकरी तीन सूर्यांची गोष्ट सांगतात: एक आकाशातला, दुसरा समुद्रावरून परतणारा, तिसरा दगडी बांधांवरून परतणारा. मुकाइनादाचा दक्षिणमुखी उतार खाडीपलीकडे असा उभा आहे की बंदरावरूनच सगळा दिसतो. आईंना एक पायरीही चढावी लागणार नाही. ‘मिनात्तो’ नावाचं विक्रीकेंद्र तिथेच आहे. शेतकऱ्यांची फळं, मासळी, बसायला जागा, सगळं एका ठिकाणी. स्टेशनपासून मात्र टॅक्सी करा.

बाबांना बागेतली मोनोरेल जरूर दाखवा. एकच रूळ, त्यावर छोटं इंजिन आणि मागे फळांच्या क्रेटचा गाडा, अशी ती उभ्या चढावर जाते. ती आली नसती तर या उतारांवरची शेती टिकणं अवघड होतं. शरद ऋतूत झाडांखाली पांढरं कापड अंथरतात, तेही त्यांना सांगा. पावसाचं पाणी मुळांशी जाऊ नये म्हणून ते असतं. झाडाला थोडी तहान लागली की फळ गोड होतं, आणि पांढऱ्यावरून उजेड खालच्या फळांनाही मिळतो. बागायतदार माणसाला हे ऐकून फार आनंद होईल. टॅक्सीवाल्याला सांगून वरच्या रस्त्याने एक फेरी मारा, पण बागेत पाऊल टाकू नका आणि खाली पडलेलं फळही उचलू नका. विचारलं तर लोक स्वतःहून देतात.

जेवण, बाबांसाठी: यावाताहामात चानपोन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स. नागासाकीचा चानपोन दुधाळ असतो. इथला रस्सा कोंबडी, कात्सुओबुशी (सुकवलेला मासा) आणि कोंबू (समुद्री शेवाळ) यांचा, सोनेरी आणि हलका, वर कोबी आणि जाकोतेन. जाकोतेन म्हणजे छोटे मासे काट्यासकट वाटून तळलेली चपटी वडी, राखाडी रंगाची. दिसायला साधी, पण तेलातून निघाल्या निघाल्या खायला हवी. पुढे उवाजिमाला ताइमेशी. मात्सुयामाकडे ताइ मासा भातात शिजवतात, उवाजिमात तो कच्चा असतो. सोयाच्या गोडसर रसात कच्चं अंडं फेटायचं, त्यात माशाचे काप बुडवायचे आणि सगळं गरम भातावर ओतायचं. बरोबर तीळ, कांद्याची पात, कधी मिकानच्या सालीचा कीस. पाळलेल्या ताइच्या उत्पादनात एहिमे जपानात पहिलं आहे, त्यामुळे मासा कायम ताजा मिळतो. माझ्या मते एहिमेत एकच जेवण जेवायचं तर हे.

आईंचं खरंच अवघड आहे, खोटा दिलासा देत नाही. उदोन (जाड नूडल्स), मिसो (आंबवलेला लगदा) घातलेलं सूप, भाज्यांची उकड, सगळ्यात माशाचा दाशी, म्हणजे माशाचं पाणी. मिकानच्या रसात शिजवलेला भात ऐकायला शाकाहारी वाटतो, पण त्यातही कधी दाशी किंवा कोंबडी असते, विचारूनच घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. भाज्या आणि तोफू सगळीकडे मिळतात, आणि दक्षिण एहिमेचं जवाचं मिसो गोडसर आणि फार चवदार असतं. पाकिटावर दाशी नाही ना बघून घ्या, त्याचं सूप घरीच करा. हॉटेलात ‘कात्सुओदाशी मो दामे देसु’ (माशाचा दाशीही चालत नाही) असं स्पष्ट म्हणा, नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही.

लिंबूप्रेमी

थोडा वेगळा विचार मांडते. आईंचे गुडघे बघता इकुचिजिमा बेटावरचं सेतोदा सोपं पडेल. ते हिरोशिमा प्रांतात, लिंबांचं गाव. जपानात पिकणाऱ्या लिंबांत हिरोशिमा सगळ्यात पुढे आहे. मिहारा किंवा ओनोमिचीहून बोटीने जाता येतं, बाजाराची गल्ली सपाट आहे, आणि जानेवारीत लिंबं पिवळी होऊन झाडावर असतात. बाबांना झाडावरचं फळ बघायचंय ना? ओसाकाहून ओनोमिची जवळही पडतं.

मात्सुयामाकर

लिंबूताईंचं म्हणणं पटतं. झाडावरच्या फळासाठी सेतोदा उत्तम, आणि येताना किंवा जाताना एक मुक्काम तिथे बसू शकतो. पण यावाताहामा गाळू नका. बाबा शेतकरी आहेत म्हणून सांगतो. उवाजिमाजवळच्या योशिदामध्ये जुलै 2018 च्या पावसात बागाच्या बागा उतारासकट खाली आल्या. झाडं गेली, रूळ गेले, पाण्याच्या नळ्या गेल्या. नव्या रोपाला नीट फळ धरायला काही वर्षं लागतात, आणि तिथले बरेच शेतकरी वयस्कर. तरीही लोकांनी पुन्हा लावणी केली. रेल्वे त्याच भागातून उवाजिमाला जाते. बाबांना खिडकीशी बसवा.

ओसाकावासी_मीनल

दोघांचे खूप आभार! बाबांना वाचून दाखवलं, ते मोनोरेलवरच अडकलेत. आणखी दोन शंका. शिमोनादा स्टेशनचा फोटो सगळे टाकतात, ते वाटेत लागतं का? आणि फळं भारतात नेता येतील का?

मात्सुयामाकर

शिमोनादा जुन्या समुद्रकाठच्या मार्गावर आहे. एक्सप्रेस उचिकोवरून आतल्या बाजूने जाते, त्यामुळे ते लागणार नाही. तिथे लोकल गाड्या मोजक्याच आहेत. एक चुकली तर उघड्या फलाटावर समुद्राच्या वाऱ्यात बसून राहावं लागतं, आणि जानेवारीत तो वारा बोचतो. आई बरोबर असताना मी तरी टाळेन.

ताजी फळं भारतात नेऊ नका. रोगमुक्ततेच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. त्याऐवजी मार्मालेड न्या. इंग्लंडच्या डेलमेन मार्मालेड स्पर्धेची जपानमधली आवृत्ती 2019 पासून यावाताहामात भरते, त्यामुळे मिनात्तोत निवड भरपूर. इयोकानचं घ्या, किंचित कडसर असतं. साखरेत मुरवलेल्या सालीही टिकतात. ताजी फळं ओसाकाच्या घरी हवी असतील तर पेटी कुरिअरने पाठवतात, दुकानातच पत्ता लिहून द्यायचा.

आणि यावाताहामात टॅक्सीने वर जाणार असाल तर तीच टॅक्सी थांबवून ठेवा. वर रिकामी गाडी मिळत नाही, आणि उतरणीचा रस्ता आईंच्या गुडघ्यांना चढापेक्षा जास्त त्रास देईल.